चौथ्यांदा सांगतोय

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. आठवली की आधी हसू येतं आणि मग, खरं सांगतो, थोडी लाजही वाटते.

दोन हजार सालानंतरची पहिलीच काही वर्षं. मी कोल्हापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्यात एकच संगणक. त्यावर शिंप्याकडून शिवून घेतलेलं आवरण आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. अशा आम्हा पंडितांपुढे एक तक्रार अर्ज आला.

शहराजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटवर दुपारी परीक्षेचे निकाल लागायचे होते. सकाळी उघडून बघतात तर पहिल्याच पानावर मजकूर: "चौथ्यांदा सांगतोय, आता तरी दुरुस्त करा की! निकालाला हात लावलेला न्हाय."

संस्थेचे अध्यक्ष तावातावाने आले. "साहेब, पासवर्ड एकटीकडंच हाय, आमच्या संगणकाच्या बाईकडं. कायम करा म्हणून चार वेळा माझ्या मागं लागली. आता ह्यो उद्योग! आज संध्याकाळच्या बैठकीत तिची कायम केल्याची ऑर्डर निघणार होती. आता काढूनच टाकतो. तुम्ही अटक करा."

अटक अशी मागून मिळत नसते. ‘सांगतोय’वरून लिहिणारा पुरुष म्हणावा, तर आमच्या कोल्हापुरात बायकाही तसंच बोलतात. अर्ज चौकशीवर ठेवला आणि संस्थेत गेलो.

बाई तिशीच्या, कुरुंदवाडहून रोज एसटीने येणाऱ्या. घरात महिन्याच्या पगाराची नोकरी लागलेल्या त्या पहिल्याच. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली तर त्या भडकल्याच. "संध्याकाळी माझी ऑर्डर निघणार, अन् सकाळी मी आपल्याच पायावर धोंडा मारून घीन व्हय?"

"पण पासवर्ड तुमच्याकडेच ना?"

"व्हय. अन् दुसऱ्या कुणाला सांगितलेला न्हाय, हेबी लिवून घ्या."

इतकी वर्षं जबाब घेतल्यावर एक कळतं. ज्याचं पाप असतं तो लगेच चार नावं पुढं करतो. ही बाई स्वतःच्या सुटकेची वाट स्वतःच बंद करत होती. माझी खात्री पटली, पण खात्री काही बैठकीपुढे ठेवता येत नाही.

तेवढ्यात चहा घेऊन आलेले पन्नाशीचे शिपाई कप ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या अध्यक्षांस्नी कागुद वाचायची सवय न्हाय. निस्ती सही करायची हाय."

खबर म्हणतात ती हीच! चौथ्यांदा सांगणाऱ्याने आधी कुठेतरी सांगितलंच असणार. संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आवक नोंदवहीत माझी हयात गेली होती. वही मागवली, एकेक नोंद बोटाने वाचत गेलो आणि दोन पत्रं सापडली. पाठवणारे गारगोटीचे निवृत्त गणित शिक्षक. लिहिलं होतं: "आपल्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष आहे. व्यवस्थापनाच्या पानाचा पत्ता थेट टाकला की पासवर्ड न विचारताच आत जाता येते. कोणीही निकाल बदलू शकेल. बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्ती मोफत दिली आहे, ती बसवावी." दोन्ही पत्रांवर अध्यक्षांचा हिरव्या शाईतला शेरा: "पाहिले. फाईल करावे."

बाईंनी तिथल्या तिथे तो पत्ता टाकला. "उघडलं की वो, साहेब! ह्यो कागद मला दिला असता तर?" त्यांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, कशाला लपवू? अध्यक्ष मात्र स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. बाईंनी तासाभरात दुरुस्ती बसवली, निकाल पुन्हा तपासले आणि ठरल्या वेळी लावले.

पत्रावर फोन नंबर होताच. फोन केला, तर दुपारी मास्तर स्वतःच ठाण्यात हजर. खांद्याला कापडी पिशवी. अध्यक्ष आणि बाईही समोर होते.

"तो मजकूर तुम्हीच टाकला?"

"मीच की! शाळा सुटली, म्हणून पुतणीच्या सायबर कॅफेत संगणक शिकलो."

"दार उघडं दिसलं म्हणून परक्याच्या घरात शिरायचं नसतं, मास्तर. तो गुन्हा आहे."

"मान्य हाय. पण हाका मारून मारून घसा बसला माझा."

"पत्रं दोन, मजकूर तिसरा. मग चौथ्यांदा कसं? गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

"गणित बरोबर हाय, साहेब." त्यांनी पिशवीतून पत्रांच्या तीन पोचपावत्या काढून टेबलावर मांडल्या. दोन संस्थेच्या. तिसरीवर आमच्याच ठाण्याचा शिक्का. मी हवालदाराला फाईल आणायला सांगितलं. मूळ पत्र निघालं आणि त्याखाली माझ्याच अक्षरात: "पाहिले. फाईल करावे."

अध्यक्ष असे गडगडून हसले की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला. मग बाई हसल्या, मास्तर हसले आणि मीही. दुसरं करणार काय?

अध्यक्षांनी तिथेच तक्रार नसल्याचा जबाब दिला. मास्तरांनी पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून दिलं आणि त्याचीही पोच मागितली! संध्याकाळच्या बैठकीत बाई कायम झाल्या.

भोक यंत्राला पडलं होतं खरं, पण तिथवर चोराला वाट आमच्या सह्यांनी मोकळी ठेवली होती. बाईंची नोकरी त्यात जाता जाता राहिली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आवक टपाल वाचल्याशिवाय मी पेन उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ठाण्यात आल्या. हातात पेढ्यांचा पुडा आणि वर रीतसर पत्र: "सोबत पेढे. पोच मिळावी." मी आधी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि मगच पेढ्याला हात लावला.