रेमोंदच्या घरातली भाड्याची खोली

माझ्या बायकोची थोरली बहीण रेमोंद काझाल्बू हिला गावात कुणी प्रेमळ म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. एकतीस वर्षं तिने हातमोज्यांच्या कारखान्यात बोटं शिवली. फक्त बोटं. तळवा दुसरी बाई शिवायची. कारखान्याला टाळं लागलं तोवर तिचा उजवा डोळा निम्मा गेला होता आणि लग्नाचं वय पुरतं उलटलं होतं. पुढे शाळेच्या खाणावळीत भांडी घासली आणि घरी म्हाताऱ्या आईचं सगळं केलं. मदत करायला गेलं की म्हणायची, "तमाशा बघायला आलात का? निघा."

आमचं मोंत्राझाक गाव दिसायला सुंदर आहे, असं बाहेरचे लोक म्हणतात. तुलूझमध्ये शिकायला आलेली परदेशी पोरं शनिवार-रविवारी येतात. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, रविवारी तिसरं. माझं कॅफे चौकातच आहे, त्यामुळे ती सगळी माझ्या दारावरून जातात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका टोळीतल्या पोरीने रेमोंदच्या खिडकीचा फोटो काढला. खिडकीत तिची आई आल्बेर्तीन झोपली होती. तोंड उघडं, कवळी काढलेली, छातीवर सूप सांडलेलं. पोरीने तो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'या गावात एवढं एकच माणूस भेटलं, तेही झोपलेलं.'

औषधाच्या दुकानातल्या पोराला तो सापडला आणि फिरत फिरत माझ्या काउंटरवर आला. आम्ही हसलो. मीही हसलो, चार जणांना बोलावून दाखवलासुद्धा. रेमोंद टपालाची तिकिटं घ्यायला आत आली तेव्हा फोन माझ्याच हातात होता. तिने पाहिला, तिकिटं घेतली आणि गेली. त्याच हिवाळ्यात आल्बेर्तीन वारली. चौऱ्याण्णव वर्षांचं माणूस जायचंच, पण रेमोंदच्या लेखी तिला त्या फोटोने नेलं.

तेव्हापासून चौकात कुणी फोन वर धरला की ती वरून भांड्यातलं पाणी ओतायची. तरीही पेन्शन पुरेना म्हणून आईची खोली तिने भाड्याने द्यायला काढली, नगरपालिकेच्या यादीत नावही घातलं. येणाऱ्याला ती शत्रूसारखंच वागवायची. सकाळी कॉफी आपटून ठेवायची आणि दहाच्या ठोक्याला सामान दाराबाहेर काढायची.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पावणेबाराच्या बसने लीस्बेत आली. एस्टोनियाची, वीस-एकवीस वर्षांची, तुलूझला भूगोल शिकणारी. सकाळी शेजारचं पेरलाक गाव बघून आली होती आणि रात्रीसाठी तिने रेमोंदची खोली ठरवली होती. चर्च, धोबीघाट, जुना बुरूज पाहून ती सव्वादोनला माझ्याकडे आली. तिचं फ्रेंच पुस्तकातलं, इस्त्री केल्यासारखं.

"नमस्कार. काही खायला मिळू शकेल का, कृपया?"

"स्वयंपाकघर बंद झालं," मी म्हणालो. माझ्यासमोर माझी ताटली होती, आणि मी खात होतो.

"एखादं सँडविच?"

"पाव संपला."

पावाची टोपली तिला दिसत होती. तिने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि 'धन्यवाद' म्हणून गेली. खिडकीजवळ बसलेला गवंडी गास्तों म्हणाला, "फर्नां, लेका, तुला नरकात जागा राखून ठेवलीय." सगळे हसले.

दहा मिनिटांत चौकातून आरडाओरडा ऐकू आला. रेमोंद दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"फोन माझ्याकडे द्यायचा. उद्या सकाळी परत. माझ्या घरात हाच नियम आहे."

"यादीत असं लिहिलेलं नव्हतं, मादाम. माझं तिकीट फोनमध्ये आहे. आई रोज फोन करते."

"एक दिवस नाही केला तर मरेल का तुझी आई?"

"तुम्हाला माझा फोन घ्यायचा अधिकार नाही."

"आणि तुला माझ्या घरात शिरायचा नाही!" तिने पोरीची पाठपिशवी उचलून पायरीवर टाकली आणि दार लावून घेतलं.

पोर पुन्हा माझ्याकडे आली. तुलूझची बस किती वाजता, म्हणाली. शाळांना सुट्टी लागली होती, त्यामुळे संध्याकाळची बस नव्हती. हे मी तिला जरा चवीनेच सांगितलं. गास्तों म्हणाला, "चर्चमध्ये झोप की. तिथले सगळे शांत आहेत." ती काउंटरला धरून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मी तुमचं काय वाकडं केलंय?"

उत्तर मला द्यायला हवं होतं. त्या वेळी मी ग्लास पुसत होतो.

तेवढ्यात रेमोंद आत आली. माझ्या अंदाजाने तिला भांडण पुरलं नव्हतं. म्हणाली, "गेली नाहीस अजून? किती फोटो काढलेस माझ्या घराचे?"

"एकही नाही."

"तुमची जात खोटं बोलते."

"बघा मग!" पोरीने फोन उघडून काउंटरवर ठेवला. "स्वतः बघा. मग मला सोडा."

रेमोंदने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक फोटो बोटाने सरकवू लागली. गास्तों आणि बाकीचे खांद्यामागे जमले. पेरलाकचा पूल, चीजचा तुकडा, तुलूझच्या वसतिगृहातली मैत्रीण. आमच्या गावाचा बुरूज आणि एक मांजर. रेमोंदचं घर कुठेच नव्हतं. तिथे थांबायला हवं होतं. पण ती मागे मागे जात राहिली, आठवडे, महिने. आणि एका फोटोशी थांबली. उघडी शवपेटी, आत पांढऱ्या केसांची म्हातारी, हातात रानफुलं.

"बघा!" रेमोंदने फोन उचलून सगळ्यांपुढे धरला. "बघून घ्या! मेलेल्यांनासुद्धा सोडत नाहीत ही!"

गास्तोंने शीळ घातली. कुणीतरी खिदळलं.

"ती माझी आजी आहे," लीस्बेत म्हणाली.

तिने फोन हिसकावून घेतला. रेमोंदच्या नखाने तिचं मनगट ओरखडलं. पोरीचा आवाज चढला नाही. पुस्तकी फ्रेंचही सुटलं नाही.

"मे महिन्यात गेली. आमच्याकडे असा फोटो घरच्यांसाठी काढतात. मी तो कुणालाही दाखवलेला नाही, मादाम. तुम्ही दाखवलात."

रेमोंदचा चेहरा पांढरा पडत गेला. ती पोरीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला काय दिसत असेल ते मला कळलं. तोच काउंटर, तीच माणसं.

"खोली उघडी आहे," शेवटी ती खरखरत्या आवाजात म्हणाली. "जा, वर जा."

"तुमच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

पिशवी पाठीला लावून ती पेरलाकच्या रस्त्याला लागली. नऊ किलोमीटर, तोही घाटाचा. झिमझिम पाऊस सुरू होता आणि त्या रस्त्याला पायवाट नाही, बाजूला गटार आहे. रेमोंदने मला हाताने ढकललं. "गाडी काढ."

"ती बसणार नाही."

"मी विचारलं का तुला? काढ!" तिला स्वतःला गाडी चालवता येत नाही, डोळ्यामुळे.

दुसऱ्या वळणावर आम्ही पोरीला गाठलं. रेमोंदने काच खाली केली.

"बस गाडीत."

"नाही."

"ट्रक चिरडून जाईल तुला, मूर्ख!"

"मग गावात आणखी एक फोटो होईल," ती पुढे बघतच म्हणाली. तिला आल्बेर्तीनचं काही ठाऊक नव्हतं, रागात तोंडून निघालं. पण रेमोंदला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

मला वाटलं, आता ही गाडी फिरवायला लावणार. ती म्हणाली, "तिच्या मागे चालव. दिवे लुकलुकते ठेव."

पहिल्या गिअरमध्ये, पोरीच्या मागे वीस पावलं ठेवून, मी ते नऊ किलोमीटर चालवले. मागून येणारे हॉर्न वाजवत होते. रेमोंद त्यांनाही शिव्या देत होती आणि पोरीलाही. "डावीकडे नको, गाढवे! कडेने चाल! टोपी घाल!" पोरीने एकदाही मागे पाहिलं नाही. फक्त एकदा ती थांबली, बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि पुन्हा चालू लागली. मी म्हणालो, "माफी माग की तिची. दोन शब्द आहेत."

"तू मागितलीस का माझी?" रेमोंद म्हणाली. "तीन वर्षं झाली. रोज तुझ्या दारावरून जाते."

इंजिन तापलं होतं, काचेवर वाफ धरली होती, ती पुसत राहिलो.

पेरलाकला पोचेपर्यंत साडेपाच वाजले. पुलाजवळच्या लहान हॉटेलात दिवा होता. पोर आत गेली. काचेतून दिसलं, तिथल्या बाईने तिला टॉवेल दिला, तिची पिशवी उतरवून घेतली. रेमोंद तेवढं बघून म्हणाली, "चल."

मी माफी मागितली, पण चार दिवस उशिरा आणि भाजीबाजारात, लोकांसमोर. मला वाटलं, अपमान लोकांसमोर झाला होता तर माफीही तशीच मागावी. ती कांदे निवडत होती. म्हणाली, "पुन्हा माणसं जमवलीस?" आणि पुढच्या दुकानाकडे गेली. माझ्या कॅफेत ती त्यानंतर आली नाही. खोलीचं नाव तिने यादीतून काढून घेतलं. आता पेन्शनच्या जोडीला ती लोकांचे पडदे शिवते, एका डोळ्याने. लीस्बेत पुन्हा इकडे फिरकली नाही, आणि तिने का फिरकावं?

नोव्हेंबरच्या एक तारखेला मृतांसाठी फुलं घेऊन आम्ही सगळे कबरस्तानात जातो. माझी बायको नोएमी तिच्या आईशेजारीच आहे, एकाच दगडाखाली. मी शेवंतीची कुंडी ठेवली आणि मागे सरकलो. रेमोंद आली, तिने दगडावरची पानं झाडली, आपली कुंडी मधोमध ठेवली. मग माझी कुंडी दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या, कुणीच येत नाही त्या थडग्यावर ठेवली, आणि हात झटकून निघून गेली.

मी ती तिथेच राहू दिली.