साहेबाला म्हटलेलं ‘येतो’

घराबाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणायचं, घरातल्या माणसानं ‘या’ म्हणायचं, मग उंबरा ओलांडायचा. हे काही मी नव्यानं सांगायला नको. पण पुढचं सगळं रामायण या एका शब्दावरून झालं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मद्रासमध्ये तमिळ माणूसही निघताना ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. तीच सवय त्यांच्या इंग्रजीतही उतरलेली. पोस्टमन, आमच्या शाळेतला क्लार्क, डॉक्टरांचा कंपाउंडर, सगळे जाताना ‘आय विल कम’ म्हणायचे आणि सरळ निघून जायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कंपाउंडर परत येणार असं समजून मी पुन्हा चहा टाकला होता.

साठ साल उलटून गेलं होतं. आमचे हे एका इंग्रज मालकांच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते. नावानं हाक मारायची पद्धत तेव्हा नव्हती, आणि आता एवढं सगळं लिहायला बसल्यावर ‘हे’ म्हटलेलंच बरं. ह्यांचा ड्रॉइंग हॉल शहराबाहेर अंबत्तूरला, नव्या कारखान्यात. साहेब लोक मात्र बंदराजवळच्या जुन्या ऑफिसात बसत. आम्ही मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खाली घरमालकीणबाई. त्या तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेल्या, महाराष्ट्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. मराठी बोलायच्या, पण तमिळ हेल काढून, आणि ‘सगळं’ला ‘अस्की’ म्हणायच्या. सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. पुढं मीच बाजारात अस्की भाजी महाग झाली म्हणू लागले.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षं टेंपररी होते, येत्या जूनपासून कायम होणार होते. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सांगलीहून सासूबाईंचं दर महिन्याला पत्र यायचं आणि त्यात पावसापाण्याच्या आधी तोच एक प्रश्न असायचा.

एका संध्याकाळी हे आले, बूट न काढता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “अगं, एक घोटाळा झालाय.”

घोटाळा असा. साहेबांनी ह्यांना बोलावलं होतं. कंपनी मलायात पिनांगला शाखा काढतेय, तीन वर्षांसाठी ड्राफ्ट्समन हवाय, विचार करून सांग, असं म्हणाले. हे उठले आणि निघताना सवयीनं म्हणाले, “आय विल कम, सर.” साहेबांना वाटलं, हा पिनांगला येतो म्हणतोय! त्यांनी उठून ह्यांचा हात हातात घेतला, “गुड मॅन” म्हणाले, झालं.

मी आधी हसले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“मग तिथल्या तिथं सांगायचं नाही का, की मी येतो म्हणजे जातो म्हणालो?”

“साहेबाला कसं सांगणार? हात हातात घेतला होता त्यानं.”

“बरं, आणि मी?”

हे बुटाची नाडी सोडायला खाली वाकले. “फॅमिली न्यायला देत नाहीत. आपल्या लोकांना नाही. बायकामुलांसकट फक्त गोऱ्यांनाच पाठवतात.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली, आणि अजून गोऱ्याची बायको ती बायको, आणि आमची म्हणजे काय, स्टेशनवर ठेवून जायची वळकटी? काम तेच, कागद तेच, पेन्सिल तीच. साहेबांच्या मडमा डेकवर खुर्च्या टाकून बसणार आणि मी तीन वर्षं सांगलीच्या पत्रांना उत्तरं देत बसणार! मी ह्यांना म्हटलं, उद्याच्या उद्या जा आणि साहेबाला स्वच्छ सांगा, गैरसमज झाला म्हणून.

ते ‘उद्या’ काही उजाडलं नाही. कधी साहेब दौऱ्यावर, कधी मीटिंगमध्ये, मग कागद लंडनला गेले, मग पासपोर्टच आला. हे गप्प. मूग गिळून बसायची ह्यांना सवयच, भिडस्त स्वभाव, असं मी सगळ्यांना सांगायची. त्यांच्या वाटणीचं बोलायचं काम मी उचललं. शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलले, बसमध्ये बोलले, भाजीवालीला तमिळमध्ये सांगितलं. घरमालकीणबाईंना तर रोज जिन्यात थांबवून सांगत होते. त्या माझ्याहून जास्त तापल्या. “त्या वेळ्ळैक्काराला आपलं बायको नाही काय?” म्हणायच्या. वेळ्ळैक्कारन म्हणजे गोरा. त्याची बुद्धी फिरावी म्हणून त्यांनी दर शनिवारी देवळात दिवा लावायला सुरुवात केली.

आणि एकीकडं मी ह्यांची तयारी करत होते. मेतकूट दळून आणलं. गोडा मसाला केला, धणे-मिरच्या भाजताना ठसक्यानं जीव गेला. पायजम्यांना नव्या नाड्या घातल्या. बिचारा माणूस, एका शब्दापायी तीन वर्षं परमुलखात अडकला, निदान आमटी तरी घरच्यासारखी मिळू दे. असं वाटायचं मला!

शाळेत मलायाचा नकाशा मी दरवर्षी शिकवत असे. काठी टेकवून सांगायचे, हे पिनांग, इथून कथील जातं, रबर जातं. मी स्वतः मात्र सांगली, पुणे आणि मद्रास एवढंच पाहिलेलं. एकदा जेवताना मी ह्यांना म्हणाले, “बायकोला नेऊ देत असते ना, तर मी आले असते हो. कायमच्या नोकरीवर पाणी सोडून आले असते.” हे ‘हं’ म्हणाले आणि ताक मागितलं. त्या ‘हं’चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

बोट सुटायला पंधरा दिवस राहिले, तेव्हा मीच ठरवलं. ह्यांच्या तोंडून शब्द निघत नाही ना, मग मी जाते. हे अंबत्तूरला असताना शाळेतून अर्धी रजा घेतली, कडक इस्त्रीची साडी नेसले आणि बसनं बंदराजवळच्या ऑफिसात गेले. शिपाई आत सोडेना. मी त्याला तमिळमध्ये असं काही फैलावर घेतलं, की त्यानं दारच उघडलं.

साहेब उंच, वाळकुडे, कान लाल. मला खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी कॉफीला हात लावला नाही. भूगोलाच्या तासाला बोलते तशी उभी राहून बोलले. पहिलं म्हणजे, माझ्या मिस्टरांनी तुम्हाला होकार दिलेलाच नाही. आमच्या भाषेत निरोप घेताना ‘येतो’ म्हणतात, त्याचं त्यांनी इंग्रजी केलं, तुम्ही गैरसमज करून घेतलात. आणि दुसरं, तुमच्या लोकांना बायकामुलं न्यायची मुभा आणि आमच्या लोकांना नाही, हा कुठला न्याय?

त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, “मॅडम, मी मद्रासमध्ये अकरा वर्षं आहे. रोज संध्याकाळी चाळीस माणसं मला ‘आय विल कम’ म्हणून घरी जातात. मला त्याचा अर्थ माहीत आहे.”

मग त्यांनी फाईल मागवली आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला.

अर्ज होता. ह्यांच्या हातचा. ड्रॉइंगवर काढतात तशी सगळी अक्षरं एका उंचीची, एका जाडीची. दहा हजार कागदांत ओळखली असती मी. तारीख त्या ‘घोटाळ्या’च्या आधी दोन महिन्यांची. पिनांगच्या जागेसाठी माझा विचार व्हावा, असं लिहिलेलं. खाली छापलेला रकाना, कुटुंब सोबत येणार का? पुढं लिहिलेलं, नाही. कारण? ‘पत्नीला मद्रास सोडण्याची इच्छा नाही.’

मी ते तीनदा वाचलं. साहेब म्हणाले, तिथं कुटुंबासाठी दोन खोल्यांची जागा आहे, ती आता आमच्या अकाउंटंटला दिली, तो बायकोला आणि आईला घेऊन चाललाय. तो अकाउंटंट मैलापूरचा. गोरा नव्हे. त्याची आई मला देवळात भेटायची.

इतके महिने मी गावभर या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती, आणि त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली. निघताना माझ्याही तोंडून काय निघावं? “आय विल कम.” सवय! साहेब उठून उभे राहिले. हसले नाहीत, एवढी त्यांची माणुसकी मी आजही मानते.

घरी आले तेव्हा हे अंबत्तूरहून येऊन ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं स्वतःचं नाव घालत बसले होते. तीच अक्षरं, एका उंचीची.

“मी तुमच्या साहेबाला भेटून आले,” मी म्हटलं. “अर्ज पाहिला.”

ब्रश थांबला. रंगाचा एक थेंब फरशीवर पडला, तो ह्यांनी फडक्यानं पुसला. आधी फरशी पुसली, लक्षात घ्या!

“मला का नाही विचारलंत?”

“तू हो म्हणाली असतीस,” हे म्हणाले.

मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. पण नाही. मान खाली घालून पुढं बोलत राहिले. सोळाव्या वर्षापासून घर ओढतोय, आधी भाऊ, मग बहिणींची लग्नं, मग आई, मग तू. एकदा तरी कुणाचाच नसल्यासारखं राहून बघायचं होतं. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही. पण असं लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.

“मग तुम्हाला जे पाहिजे ते तुमच्या नावानं लिहायचं होतं! माझ्या नावानं खोटं का लिहिलंत? मला मद्रास सोडायची इच्छा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी?”

मला अजूनही राग येतो तो ह्याचाच. माणसाला एकटं राहावंसं वाटू शकतं. पुढं शाळेत तिसेक वर्षं घालवल्यावर मलाही ते कळलं, पुष्कळदा वाटलंही. तसं ह्यांनी सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित जा म्हणाले असते. पण माझी इच्छा काय, ते ह्यांनी मला न विचारता सुंदर अक्षरात लिहून टाकलं, वर गोऱ्याच्या अन्यायाची थाप मारली, आणि मी मूर्खासारखी त्यांच्यासाठी धणे भाजत बसले. मुलींना काठीनं पिनांग दाखवत बसले!

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. घरमालकीणबाई देवळातून आल्या होत्या, हातात कुंकू आणि तुळस. “काय म्हणलं वेळ्ळैक्कारन?” त्यांनी विचारलं. मी सकाळी त्यांना सांगून गेले होते.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी एक वाक्य बोलले असते तर रात्रीपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असतं. मी म्हटलं, “नाही ऐकत तो.”

बाईंनी त्या निरपराध माणसाला तमिळ आणि मराठी दोन्हींत शिव्या दिल्या. मी कुंकू लावून घेतलं. नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणून मीही खोटं बोलले, आणि तो राग वेगळा.

मसाल्याचा डबा मी ट्रंकेतून काढून घेतला. मेतकूट राहू दिलं, तेवढी मी वाईट नाही. पंधरा दिवस आम्ही जेवण वाढण्यापुरतं बोललो.

बोट दुपारी सुटणार होती. घरमालकीणबाई हट्टानं धक्क्यावर आल्या, अस्की नीट होईल, अस्की नीट होईल म्हणत होत्या. अकाउंटंटची आई चाकाच्या खुर्चीत बसून नातेवाइकांवर ओरडत होती. त्याची बायको माझ्याकडं पाहून म्हणाली, “तुम्हाला मद्रास सोडवत नाही ना? ऑफिसात कळलं.” मी मान हलवली. दुसरं काय करणार होते!

पोलिसानं पुढं व्हायला सांगितलं. ह्यांनी पिशवी उचलली, नवी पँट सारखी केली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“येतो,” म्हणाले.

मी बोलले नाही. हे थांबले. आपल्याकडचा माणूस ‘या’ ऐकल्याशिवाय पाय उचलत नाही, मग तो कितीही कुणाचाच नसो.

“अगं, येतो म्हणतोय मी.”

“ऐकलं. साहेबाच्या नावावर एकदा खपवलंत ते. मला खरं सांगून जा. ‘जातो’ म्हणा.”

घरमालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. “अय्यो, असं बोलू नये,” म्हणाल्या, “बोटीवर चाललंय माणूस. या म्हण, या म्हण!” मागची रांग खोळंबली होती. ह्यांनी एकदा बोटीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“जातो,” हे म्हणाले.

‘या’ अगदी ओठावर आलं होतं, चार वर्षांची सवय. मी ते गिळलं.