दाजी नेमके कुठे गेले?

विलासचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या घरी वाल सोलत बसलो होतो. "मामा, अण्णा गेले. पहाटे, झोपेतच," भाचा म्हणाला. मी "निघतो" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले वाल सोलत राहिलो. मोड आलेले वाल बोटांत धरून दाबायचे, साल बाजूला, डाळिंबी परातीत. परात भरल्यावर बायकोनेच ती माझ्या हातातून घेतली. चौकला जाणाऱ्या टमटममध्ये बसेपर्यंत मला रडू आलं नव्हतं...

विलासचे अण्णा म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. चौकला जुन्या हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान, दुकानामागे घर आणि घरामागे भाताची खाचरं. नाव शांताराम, ज्याने ठेवलं त्याला माणसाची पारख नसावी. ताई आणि दाजी सकाळी डोळे उघडल्यापासून भांडत. कारण कसलंही चालायचं. बिरड्यात गूळ किती, पंखा दोनवर की तीनवर, आधी मांजराला दूध की आधी चहा. तिच्या लग्नानंतर सुरुवातीला मला वाटे, माझी बहीण दुःखात पडली. एकदा धीर करून मध्ये पडलो, तर दोघंही मिळून माझ्यावरच घसरली. "तू तुजा च्या पी, बाळू. आमचं चाललंय ना नीट?" ताई म्हणाली. ते खरोखरच नीट चाललं होतं, हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

दाजी देवभोळे होते असं म्हणावं, तर देवाला प्रश्न फार विचारायचे. एकादशी कधी मोडली नाही, पण उपासाच्या साबुदाण्याला नावं ठेवल्याशिवाय तो घशाखाली उतरायचा नाही. गावच्या सप्ताहात एका वर्षी बाहेरगावचे बुवा कीर्तनाला आले होते. त्यांनी स्वर्ग असा रंगवला की बायका पदराने डोळे पुसू लागल्या. तिथे भूक नाही, तहान नाही, घाम नाही, कसली उणीव नाही, नुसता अखंड आनंद. पहिल्याच रांगेतून दाजींचा हात वर गेला. "बुवा, इचारू का? भूकच नाय तर जेवायचं कशाला?" बुवा हसून म्हणाले, "तिथे तृप्तीच असते, माउली." "तृप्ती ढेकर देईस्तवर बरी वाटते, बुवा. मंग मानूस आडवा होतो. तितं काय नुसतं आडवंच पडायचं?" मंडप हसला. बुवांनी समजूत घातली, की स्वर्गसुद्धा कायमचा नसतो, गाठीचं पुण्य सरलं की जीव पुन्हा खाली येतो. कायमचं ते वैकुंठ. "म्हंजी सर्ग टोलच्या पाससारका," दाजी म्हणाले, "मुदत संपली का गेट बंद." शेजारच्या रांगेतून ताई ओरडली, "अवो, बसा आता खाली!"

घरी परतताना मात्र त्यांचा आवाज उतरला होता. मला वाटलं होतं, बुवांची फिरकी घेतली म्हणून खुशीत असतील. तसं काही नव्हतं, ते खरंच गोंधळले होते. "बाळू, तितं काय बिगडतच नसंल तर मी करू काय?" मी म्हटलं, भजन करा. "दिवसभर?" "दाजी, तिथे दिवसरात्र काही नसतं म्हणतात." ते थांबले. "मंग संध्याकाळ कवा व्हायची?" संध्याकाळ ही त्यांची खास वेळ. हाताचं काळं साबणाने घासून घासून काढायचं आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. थोडं चालल्यावर स्वतःशीच म्हणाले, "पन मला जायचं तर हाय तितं. आई हाय ना."

आमच्याकडे रीत आहे. माणसाने जिथे प्राण सोडला, तिथे त्या संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलली की पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला. दाजींच्या आईच्या वेळी बायकांना त्यात गाईचं खूर दिसलं होतं आणि दाजींना मुंगी, आणि त्यावरून बारावं होईपर्यंत वाद चालला होता. दाजींसाठीही मधल्या खोलीत पीठ पसरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतली माणसं जमली, आत गेली... तर लादी लख्ख पुसलेली, टोपली भिंतीला टेकवून ठेवलेली आणि ताई मोरीत फडकं पिळत होती. "पीट सांडलं होतं, काडलं," ती म्हणाली. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. एवढ्या वर्षांची सकाळच्या झाडलोटीची सवय, बिचारीला भान नाही, असं म्हणून लोकांनी विषय सोडून दिला.

मी जन्मभर टपाल वाटलं. एका माणसाला एक पत्ता, ही माझी समज. त्यामुळे पुढचे दिवस मला फार जड गेले. नाक्यावरच्या फ्लेक्सवर दाजी 'स्वर्गवासी' होते आणि खाली लिहिलं होतं 'परत या'. बाराव्याच्या पत्रिकेत ते 'कैलासवासी' झाले. भटजी म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत जीव वाटेवर असतो. दहाव्याला कावळा घास घेऊन गेला तेव्हा दाजींच्या चुलत्यांनी हात जोडले, "आला, आला आमचा शांताराम." ज्या माणसाला दुकान सोडून दोन दिवस पाहुणा म्हणून जायचा कंटाळा, त्याला आम्ही एकाच वेळी इतक्या ठिकाणी पाठवलं होतं. मला राग येत होता. कोणावर, ते कळत नव्हतं.

मागच्या आठवड्यात ताईकडे गेलो. विलास कुंभिवलीच्या कारखान्यात कामाला जातो, त्यामुळे दुकान बंदच असतं. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. ती अचानक म्हणाली, "बाळू, त्या दिशी पीट मी मुद्दाम पुसलं."

"बघितलंस काय होतं ते?"

"नाय बगितलं. डोले मिटून फडकं फिरवलं." ती म्हणाली. "पाऊल असतं तर ते दुसऱ्या कुनाच्या घरात गेले. नसतं तर सर्गात गेले. दोनीकडं माजं काय रं?"

मी आपला धीर द्यायला म्हणालो, की दाजी सुखात असतील. स्वर्गात दुःख नसतं.

"म्हंजी त्यांना माजी आठवन येत नसंल."

"आठवण येत असेल गं. फक्त त्रास होत नसेल."

लहानपणी मी पाढा चुकलो की ताई जशी पाहायची, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "तरास न होता आठवन कशी येते रं?"

दाजींना स्वर्ग मिळावा म्हणून मी रोज दिवा लावतो. त्यांनी तिथे ताईला विसरावं, असं मला अजिबात वाटत नाही. आणि तिच्या आठवणीने ते तिथे झुरत बसावेत, हेही मनाला सोसत नाही. यातलं मी नेमकं काय मागतो, ते देवाला तरी कळतं का, कोण जाणे.

तेवढ्यात एक ट्रक येऊन दुकानासमोर थांबला. ड्रायव्हर देशावरचा, दोन-चार महिन्यांनी एखादी खेप करणारा. उतरून त्याने बंद शटरकडे पाहिलं. "काका कुठं गेलं?" त्याने विचारलं.

उत्तर माझ्या तोंडाशी होतं. इतक्या दिवसांत ते कितीतरी जणांना सांगून झालं होतं. पण ताई शेजारी बसलेली. "बाहेर गेलेत," मी म्हणालो.

"कवा येतील?"

मी ताईकडे पाहिलं. आता ही चिडणार की रडणार, मला समजेना. ती उठली, पदराला हात पुसले.

"सांगून नाय गेले," ती ड्रायव्हरला म्हणाली. "बसा वाईच. च्या टाकते."