अध्यक्षांचा सोफा

काल आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून एका हुकूमशहाच्या पतनावरचा सिनेमा दाखवला. बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पुढे मधोमध, पांढरी चादर घातलेला अध्यक्षांचा सोफा. हे गृहस्थ वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येतात, कारण विरोधात उभं राहणाऱ्याच्या नळाला पाणी बारीक येऊ लागतं. सिनेमा अर्ध्यावर आला, त्यांना फोन आला आणि ते उठून घरी गेले.

खुर्च्या कमी पडल्यामुळे आम्ही काही जण भिंतीला टेकून उभे होतो. शेजारी तळमजल्यावरच्या सुमनकाकू दुखरा गुडघा चोळत होत्या. मी म्हटलं, "काकू, सोफ्यावर बसा ना. साहेब गेले."

"नको रे बाबा," त्या कुजबुजल्या. "आणि परत आले म्हणजे?"

मीही बसलो नाही.

पडद्यावर लोक राजवाड्यात घुसले. एक म्हातारी हुकूमशहाच्या खुर्चीत पाय पसरून बसली आणि खदाखदा हसली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनीही वाजवल्या, एका पायावर भार देऊन. दुसऱ्यांच्या देशातलं सिंहासन उलथताना आपल्याला किती जोर चढतो!

दिवे लागले. माणसं पांगली. काकू लंगडत पुढे गेल्या, सोफ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता तरी क्षणभर टेकतील.

त्यांनी वाकून सोफ्यावरची चुरगळलेली चादर नीट केली आणि घरी गेल्या.