त्या प्रार्थनेत पाणी नव्हतं

आमचे बाबा निलंगा तालुक्यातल्या एका लहान गावात ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते. गावाच्या खालच्या अंगाला आमची गल्ली, गल्लीच्या टोकाला पत्र्याचं देऊळ आणि देवळाला लागून आमच्या दोन खोल्या. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. संध्याकाळी बाबा गल्लीतल्या पोरांना वाचायला शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि मायला मास्तरीण. माय स्वतः शाळेत कधी गेली नव्हती. मी त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा नववीत होते.

बाबांचा आवाज दणदणीत होता. रविवारी ते उभे राहिले की पहिला शब्द ठरलेला असायचा, "बघा!" मग जरा थांबायचे आणि म्हणायचे, "बघा, मंडळी." वरच्या आळीपर्यंत ऐकू जायचं ते.

वरच्या आळीला एका लिंगायत अप्पांचं किराणा दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा. अप्पांची आणि बाबांची दोस्ती होती, पण ती सगळी भांडणातली. दुकानाच्या पायरीवर बसून दोघं देवावर वाद घालायचे. अप्पा चिडले की मधेच कानडीत शिरायचे आणि बाबा हसायचे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आता साहेब जवळ आला, आता कामं होतील, असं लोक बसस्टँडवर बोलायचे. पण सलग दुसऱ्या साली पाऊस गेला. नदी तर आटलीच, नदीत खणलेले झरेही आटले. ज्वारीची ताटं हातभर वाढून वाळली. जनावरं बाजाराला गेली. आमच्या गल्लीतली माणसं उसाच्या तोडीवर जायची बोलणी करू लागली.

एक दिवस अप्पा पायरीवरून म्हणाले, "मास्तर, आमचा महादेव तर ऐकना झालाय. तुम्ही तुमच्या येशूला बोलून बघा की."

अप्पा अर्धं गमतीत बोलले होते. बाबांनी ते मनावर घेतलं. घरी येऊन मायला म्हणाले, "मंडळीला सांग, उपास-प्रार्थना धरायची. सगळ्या गावासाठी."

"या उन्हात?" माय म्हणाली.

"उन्हातच तर."

उपास सगळ्यांनी धरला, पण बाबांनी पाणीसुद्धा सोडलं. म्हणाले, गाव तहानलेलं असताना मी कोणत्या तोंडानं पिऊ? माय रोज तांब्या पुढे करायची आणि ते मान हलवायचे. तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी दुपारी देऊळ भरलं होतं. अप्पाही आले होते, चपला काढून दाराशी उभे होते. पत्रा नुसता तापला होता. बाबा गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत होते. शेतं, विहिरी, गुरं, लेकरं, एकेक नाव घेऊन मागत होते. आणि बोलता बोलता त्यांचे शब्द घसरायला लागले. आधी वाटलं, भरून आलंय. मग वाटलं, थकले. मग ते उजव्या अंगावर कलंडले. मायनं झेप घेऊन डोकं मांडीवर धरलं. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

अप्पांनी कुणाची तरी जीप मिळवली. लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते आणि शांतपणे बोलले, "अर्धांगवायू आहे. हातपाय थोडे सुधारतील. बोलण्याचं मात्र काही सांगता येत नाही."

आम्ही परत आलो तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसू शकत होते. उजवा हात मांडीवर पडून राहायचा. आणि तोंडात एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी "बघा". उशी सरळ करायची असली तरी "बघा". आम्ही चुकीचं काही आणून दिलं की चिडून, घसा ताणून, "बघा! बघा!" आणि मग डोळ्यांत पाणी. त्यांना सगळं कळत होतं. आपल्या तोंडून काय निघालं तेही कळत होतं. ते बघणं सगळ्यात अवघड होतं.

गावात बोलणं सुरू झालं. विहिरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, "पाऊस मागाया गेला अन् जीभ देऊन आला." म्हणणारी बाई वाईट नव्हती. तिच्या घरातही पाणी नव्हतं.

घरी येऊन मी मायला विचारलं, "असं का केलं देवानं? बाबा त्याच्याशीच बोलत होते ना?"

माय चूल फुंकत होती. तिनं एक काटकी आत सारली. मग म्हणाली, "मला काय म्हाईत, बाई. मला वाचता बी येत न्हाई."

बाबा पडल्यापासून आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडली होती, कारण ती बाबाच चालवायचे. एका संध्याकाळी मायनंच डोक्यावर पदर घेतला आणि प्रभूनं शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना सुरू केली. आमच्यात ती लहान लेकरालाही पाठ असते. दुसऱ्या ओळीला तिच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. जड होता, पण स्वच्छ होता. बाबा म्हणत होते. एक शब्द चुकला नाही. "आमेन"पर्यंत सगळी म्हणाले.

मी ओरडलेच. मायनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बोला, आणखी बोला! पाणी देऊ? पाणी म्हणा."

बाबांनी तोंड उघडलं. कपाळावरच्या शिरा ताणल्या.

"बघा," ते म्हणाले.

आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. प्रार्थना यायची. लहानपणापासूनची दोन गाणी चालीवर यायची. स्वतःचं म्हणून एक अक्षर यायचं नाही. पुढे शिकल्यावर मला कळलं की अशा आजारात हे होतं, पाठ झालेलं बोलणं कधी कधी शाबूत राहतं. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की या माणसाला देवाशी बोलता येतं आणि आमच्याशी येत नाही.

काही दिवसांनी भर दुपारी बाबांनी एकट्यानंच प्रार्थना सुरू केली. मी भांडी घासत होते. रोजची भाकर दे असं मागायची ओळ आली तिथे त्यांनी डाव्या हातानं मायचं मनगट घट्ट धरलं. तोंड पुढची ओळ म्हणतच होतं, ते थांबत नव्हतं, पण बाबा मनगट सोडत नव्हते. मायला उमगलं. तिनं भाकरी कुस्करून दुधाऐवजी वरणाच्या पाण्यात भिजवली आणि भरवली. त्यानंतर भूक लागली की ते असंच करायचे. मला वाटलं, आता हळूहळू सगळं सांगता येईल.

मग एकदा त्यांना तहान लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रार्थना म्हणाले, पुन्हा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले. कुठे धरावं ते त्यांना सापडेना. ओठ कोरडे पडलेले मलाच दिसले आणि मी वाटी लावली.

माय भिंतीला टेकून बसली. "त्यात पाणी न्हाई गं," ती म्हणाली. "मी सगळी म्हणून बघितली मनात. त्यात पाणी न्हाईच."

मी तिला त्याआधी किंवा त्यानंतर असं रडताना पाहिलं नाही.

माझे मामा मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. ते आले आणि म्हणाले, "आक्का, नांदेडला मोठी सभा लागलीया. लई लांबनं प्रचारक आलाय. हात ठेवला की आजारी उठून राहिलेत. चल."

मायला जायचं नव्हतं असं नाही. कुणाला नसतं? लातूरहून एसटीनं निघालो. अहमदपूर, लोहा, सगळीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना माती उघडी पडलेली. रोजगार हमीवरच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन ओळीनं चाललेल्या. बाबा खिडकीशी बसून त्यांच्याकडे बघत होते आणि बारीक आवाजात त्यांचा तो एक शब्द म्हणत होते.

मैदानात मांडव होता. माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. खाटेवर आणलेली, पाठीवर आणलेली. प्रचारक एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत पुढे येत होते. बाबांपाशी आले. मामांनी सांगितलं, "वाचा गेलीया. उपदेशक होते." प्रचारकांनी डोळे मिटले, मोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाले, "प्रभूच्या नावानं बोल!"

आणि बाबा बोलले. त्यांच्या जुन्या आवाजात, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"बघा!"

मांडव उसळला. हालेलूया, हालेलूया. मुका बोलला! बायका रडायला लागल्या. कुणीतरी बाबांचा डावा हात धरून वर केला. बाबा घाबरून मायला शोधत होते आणि "बघा, बघा" म्हणत होते. ते जितकं म्हणत, तितका जयघोष वाढत होता.

एक स्वयंसेवक मायला मंचाकडे न्यायला आला. "चला बाई, साक्ष द्या. प्रभूनं काय केलं ते सांगा."

माय म्हणाली, "भाऊ, हा शबूद त्यान्ला आधीच येत होता."

"असं बोलू नका. शंका धरली की आशीर्वाद जातो."

"शंका न्हाई धरली. पण ते बरे न्हाई झाले."

मामा दबक्या आवाजात म्हणाले, "आक्का, दोन शब्द बोल अन् उतर. सगळे बघून राहिलेत. उद्या हुतीलही बरे."

"उद्या झाले तर उद्या सांगन," माय म्हणाली. "देवाच्या नावानं खोटं मी बोलायची न्हाई."

स्वयंसेवक तिला काहीतरी बोलला, विश्वास कमी पडतो असं काहीतरी, आणि दुसऱ्या माणसाकडे गेला. गर्दी पुढे सरकली. आम्ही तिघंच मागे राहिलो. मला फार राग आला होता, पण तो नेमका कुणाचा हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या प्रचारकांचा नव्हता, ते मनापासून रडत प्रार्थना करत होते. मामा आमच्याशी न बोलता मुदखेडच्या गाडीला गेले. नांदेडच्या बसस्टँडवर माय बाबांचं डोकं खांद्यावर घेऊन बसली होती. मी विचारलं, "तुझा विश्वास कमी पडला का गं?"

"असंल," ती म्हणाली. "हाय तेवढा दिला. दुसरा कुठून आणू?"

आम्ही परतलो तोवर गल्ली निम्मी ओस पडली होती. उरलेलेही दिवाळीनंतर कोयते घेऊन तोडीच्या ट्रकवर चढले. दारांना बाभळीच्या काट्या लागल्या. टँकर यायचा, पण वरच्या आळीत रिकामा होत होत आमच्यापर्यंत तळाचं गढूळ पाणी यायचं. बाबांना पुसायला, धुवायला, प्यायला, सगळं त्यातच. कधी अव्वा, म्हणजे अप्पांच्या पत्नी, त्यांच्या वाट्यातली एक घागर देऊन जायच्या. माय भांडं पुढे करायची आणि मान खाली घालायची. अव्वा म्हणायच्या, "घे गं. शिवानंच पाठवलंय समज, नाहीतर तुझ्या येशूनं. मला दोघं सारखेच."

तरी दर रविवारी माय देऊळ झाडायची. घंटेच्या जागी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी सळई मारायची. मग आम्ही बाबांना दोन्ही काखांत धरून आत न्यायचो. मी शास्त्रातला एक अध्याय वाचायची. माय तिच्या साध्या बोलीत प्रार्थना करायची. त्यात ती काही मागायची नाही, घरातलं सांगायची फक्त. आज ह्यांचा पाय सुजलाय. काल टँकर आला न्हाई. पोरीची परीक्षा हाय. गाणं आलं की बाबा गायचे.

एकदा अप्पा दाराशी येऊन उभे राहिले. "मास्तरीण, आत चिटपाखरू नाही. घंटा कुणासाठी वाजवतीस?"

माय म्हणाली, "अप्पा, तुमी बी एका वाटी पाण्यात लिंगाची पूजा करूनच राहिलाव की."

अप्पांनी चपला काढल्या. मग आत आले आणि बाबांच्या शेजारी बसले. वाद घालायला समोर कुणी नव्हतं. त्यांनी बाबांचा निर्जीव उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि प्रार्थना संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

पुढच्या साली पाऊस झाला. बरा झाला. माणसं परतली, काही परतलीच नाहीत. मंडळीला नवीन उपदेशक मिळाले, भला माणूस होता तो, पण त्यालाही बायका-पोरं होती आणि खोल्या दोनच होत्या. आम्ही लातूरला एका पत्र्याच्या खोलीत आलो. माय नव्या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतींवर विटा वाहायला जायची. मी शाळेतून आल्यावर बाबांजवळ बसायची. बाबा आणखी काही वर्षं जगले. वाचा आली नाही. ते एका उन्हाळ्यात सकाळी गेले. काय होतंय, कुठे दुखतंय, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही आणि आम्हाला ओळखता आलं नाही. मातीला अप्पा गावाहून आले होते. त्यांनीही एक मूठ माती टाकली.

पुष्कळ वर्षांनी मी नोकरीला लागले, माय म्हातारी झाली, तेव्हा एकदा तांदूळ निवडताना मी तिला विचारलं, "तुला देवाचा राग कधी आला नाही?"

"आला की. लई आला. तुझ्या बाबाला पुसताना रोज यायचा."

"मग?"

ती सुपातला खडा शोधत राहिली. "मग काय. त्यालाच सांगायची. दुसरं हुतं कोण ऐकाया?"

बाबांची जीभ का गेली, याचं उत्तर तिला कधी मिळालं नाही आणि मलाही मिळालेलं नाही. मिळाल्यासारखं मी कधी कुणाला सांगितलंही नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी, देवळाला निघायच्या वेळी, तिचे गुडघे फार दुखत होते. मी म्हटलं, आज घरीच प्रार्थना कर. ती म्हणाली, "रिक्षा बघ." मी रिक्षा बघायला खाली गेले.