आकडा आधी, नाव मागून

परभणीत जिंतूर रोडच्या आतल्या बाजूला सुलाबाई वाव्हळेंचं दुमजली घर आहे. खाली त्या, मुलगा सिद्धोधन आणि सून मनिषा राहतात. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाहेरून जिना. वरचा मजला भाड्यानं देण्यासाठीच बांधलेला. त्याला तेरा वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात तिथं सहा बिऱ्हाडं राहून गेली. नुसती बघून गेलेली माणसं शंभराच्या वर असतील.

सुलाबाई चौथी शिकलेल्या. वय अडुसष्ट. फाटकावर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी आणि खाली त्यांचाच मोबाइल नंबर. फोन आला की समोरचा विचारतो, भाडं किती. मग सुलाबाई विचारतात, "तुमचं बजेट किती हाय?" समोरचा म्हणतो, "तुमी सांगा की." दोन-तीन वेळा असं इकडून तिकडं झालं की सुलाबाईच सांगून टाकतात. "साडेचार हजार. लाइटबिल अलग. पाणी बोअरचं."

एकदा सांगितलेला आकडा पुन्हा बदलायचा नाही, हा नियम त्यांच्या नवऱ्याचा. सूर्यभान वाव्हळे पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले आणि क्लार्क होऊन निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी वारले. १९९१ साली त्यांची बदली गंगाखेडला झाली, तेव्हा नवरा-बायको खोली बघत फिरत होते. एका घरी मालक ओट्यावरच बसलेला. खोली दाखवली, भाडं दीडशे सांगितलं. सुलाबाईंना चुलीची जागा पसंत पडली. मग मालकानं सहज विचारलं, "आडनाव काय म्हणलात?" सूर्यभानांनी सांगितलं. मालकानं पान थुंकलं आणि म्हणाला, "भाडं तसं तीनशे हाय. न्हाई परवडायचं तुमाला."

त्या आठवड्यात त्यांनी नऊ घरं बघितली. थेट 'तुम्हाला देत नाही' असं एकही मालक म्हणाला नाही. नाव ऐकलं की भाडं वाढायचं, एवढंच. शेवटी बौद्धवाड्यातल्या एका शिक्षकांच्या घरी पत्र्याची खोली मिळाली. पुढं परभणीत स्वतःचं घर झालं, तेव्हा सूर्यभान बायकोला म्हणाले, "आपल्याकडं आकडा आधी सांगायचा. नाव मागून इचारायचं. आन् एकदा तोंडातून आकडा गेला की गेला."

सुलाबाईंनी तो नियम पाळला. बाकीच्या चौकशा मात्र त्यांच्या स्वतःच्या. पगार किती, कोणत्या तारखेला होतो, गावाकडं किती पाठवावे लागतात, हे त्या सरळ विचारत. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर भाडं गेलं तर माणूस टिकत नाही, असं त्यांचं मत होतं. दाराशी हप्त्यावरची बुलेट आणि तोंडानं "बजेट तीन हजारच हाय, मावशी", असला तरुण आला की त्या चहा पाजून वाटेला लावत.

आणखी एक गोष्ट होती. समोरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. येणाऱ्याला त्या फोटोंकडं तोंड करून बसवत आणि आधी पाणी देत. काही जण पाणी पीत, काही "आत्ताच पिऊन आलो" म्हणत. न पिणाऱ्यांचा संध्याकाळी फोन येई की बजेटमध्ये बसत नाही. सुलाबाई "बरं" म्हणत आणि फोन ठेवत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वरचा मजला रिकामा झाला. एका शुक्रवारी दुपारी शिवकन्या नावाची बाई बघायला आली. तिशी ओलांडलेली, सोबत सात वर्षांची मुलगी, पिंकी. माहेर जिंतूरकडचं, घरची शेती. परभणीत एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती. सकाळी फोनवर तिनं भाडं विचारलं होतं आणि सुलाबाईंनी साडेचार सांगितलं होतं. वर जाऊन तिनं नळ उघडून बघितला, खिडकीच्या कड्या लावून बघितल्या. खाली येऊन पाणी प्यायली. पिंकीनं अजून एक गिलास मागितला.

"पगार किती हाय?" सुलाबाईंनी विचारलं.

"बारा. लग्नसराईत वरचे सुटतात."

"तिसऱ्या हिश्श्याच्या वर भाडं गेलं की माणसाची वढाताण व्हती, म्हणून इचारते. तुझे मालक काय करतात?"

"मी एकटीच ऱ्हाते. मी आन् ही पिंकी. तीन वर्षं झाली. फारकतीची केस चालू हाय."

सुलाबाईंनी पिंकीच्या हातातला गिलास घेतला. मग म्हणाल्या, "भाडं सहा हजार हाय बरं का."

"फोनवर साडेचार म्हणलात तुमी."

"ते जुनं झालं. आता टाकी नवी बसवली वर. तुझं बजेट किती हाय?"

"साडेचार आयकूनच आले ना मी."

"मग न्हाई परवडायचं तुला, बाई."

शिवकन्येनं पिंकीच्या पायात चप्पल घातली, "येते" म्हणाली आणि गेली. हुज्जत घातली नाही.

मनिषा आतल्या खोलीत शाळेच्या वह्या तपासत बसली होती. ती एका खाजगी शाळेत शिक्षिका आहे. बाहेर येऊन म्हणाली, "आई, टाकी नवी कधी बसवली?"

"तू वह्या तपास."

"नाही, खरंच विचारते."

"उद्या तिचा नवरा येऊन दारात बोंबलला तर? गल्ली जमा व्हईल. सिद्धू कामासाठी आठ-आठ दिवस हिंगोलीला. घरात आपण दोघी बायका."

"मग तसं सांगायचं होतं तिला. आकडा कशाला बदलला?"

सुलाबाईंनी उठून रिकामे गिलास विसळायला घेतले. रात्री जेवताना त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. मनिषानं विचारलं तर म्हणाल्या, "गरमी लय हाय."

रविवारी एक जोडपं आलं. नवरा पतपेढीत, बायको घरीच. गाडीतून आले होते. फोनवर त्यानं आपलं बजेट सात हजार सांगितलं होतं, आणि सुलाबाईंनी साडेचार सांगितल्यावर खूश झाला होता. दोघं आत आले, बसले, फोटोंकडं बघितलं. बायकोनं पाण्याचा गिलास हातात घेतला आणि तसाच टीपॉयवर ठेवला. वरच्या खोल्या पाच मिनिटांत बघून झाल्या. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मावशी, घर छान आहे. पण आमच्या बजेटमध्ये नाही बसत."

"बरं," सुलाबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या बराच वेळ ओट्यावर बसल्या. सात हजारांच्या बजेटात साडेचार कसे बसत नाहीत, हे त्यांना नीट कळलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यांना लागलं ते वेगळंच. हा माणूस जे बोलला, तेच आपण शुक्रवारी बोललो.

सोमवारी सकाळी त्यांनी मोबाइल मनिषाच्या हातात दिला. "त्या पार्लरवाल्या पोरीचा नंबर काढून दे." मनिषानं काही न विचारता लावून दिला.

"कोण बोलायलंय?" पलीकडून आवाज आला.

"मी रूमवाली. जिंतूर रोडची. शुक्रवारी बघून गेलीस ना."

"हां. बोला."

"साडेचारला देते तुला."

"का? नवी टाकी काढून टाकली का?"

मनिषानं तोंडावर हात धरला. सुलाबाईंचा चेहरा उतरला, पण त्या बोलत राहिल्या. "टाकी जुनीच हाय. सहा हजार म्हणजे मी तुला न्हाई म्हणत होते. तोंडावर न्हाई म्हणायची हिंमत न्हवती."

"ते कळलं होतं मला. तुमी चौथ्या. एकानं तर आठ सांगितले, पत्र्याच्या खोलीला."

"तुझा नवरा यील का इथं?"

"यील. खोटं कशाला सांगू? पार्लरवर आला होता एकदा. आला तर तुमी दार उघडू नका, मला फोन करा. पुढचं मी बघते."

"बरं. मग कधी येतीस?"

"चार हजारात द्या, मग येते."

"का म्हणून?"

"बारा हजार पगार हाय. तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं की वढाताण व्हती म्हणलात तुमीच. तिसरा हिस्सा चार व्हतो."

सुलाबाईंना राग आला. त्यांनी फोन कानापासून दूर धरला, मनिषाकडं बघितलं. मनिषा दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. पाच मिनिटं घासाघीस झाली आणि बेचाळीसशेवर मिटलं. डिपॉझिट एका महिन्याचं.

एक एप्रिलला शिवकन्या राहायला आली. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं.

तिचा नवरा खरंच आला. पावसाळा संपता संपता, एका दुपारी. घरात सुलाबाई एकट्याच होत्या. तो फाटक हलवत बायकोच्या नावानं शिव्या देत होता, मग मालकिणीच्या नावानं देऊ लागला, आणि त्यात जातीचाही उद्धार झाला. शेजारच्या कमलबाई गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या, समोरचा किराणावाला दुकानातून बाहेर आला. सुलाबाईंनी आतून कडी लावली आणि शिवकन्येला फोन केला. अर्ध्या तासानं ती एका पोलीस शिपायाला घेऊनच आली. तोवर नवरा पसार झाला होता.

संध्याकाळी शिवकन्या खाली आली. ओट्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "तुमाला लय तरास झाला. म्हणाल तर या महिन्यात सोडते मी."

सुलाबाई मेथी निवडत होत्या, पण अर्ध्या काड्या भाजीतच पडत होत्या. "गल्ली जमायची ती जमली," त्या म्हणाल्या. "आता सोडून काय उपयोग?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "ठाण्यात लिहून दे. मी सही करते खाली."

दुसऱ्या दिवशी दोघी ठाण्यात गेल्या. तीन तास बसावं लागलं. सुलाबाईंनी जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, जातीवरच्या शिव्यांसकट. लिहून घेणारा हवालदार एकदा थांबला आणि म्हणाला, "मावशी, हे लिहायचं का?" सुलाबाई म्हणाल्या, "लिहा." त्यानंतर नवरा परत फिरकला नाही. फारकतीची केस अजून चालू आहे, तारखा पडत आहेत.

दोघींची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. बोअरची मोटर चालू ठेवून शिवकन्या विसरते आणि टाकी भरून वाहते, यावरून महिन्यातून एकदा वाजतंच. मोरीत केस अडकतात, ते वेगळं. सुलाबाई खालूनच ओरडतात, शिवकन्या वरूनच उत्तर देते. पिंकी आता मनिषाच्या शाळेत तिसरीत आहे. सकाळी साडेसातला मनिषा स्कूटी काढते आणि ती मागं बसते.