हिरव्या रंगात चिकटलेली खिडकी

दसरा जवळ आला की मी सगळ्यात आधी खिडक्या घासायला घेते. साबणाचं पाणी, जुना पेपर, आणि गजाच्या बेचक्यातली घाण काढायला खराट्याची काडी. वर्षभराची कोळिष्टकं, पालीची घाण, सोयाबीनची बारीक धूळ, सगळं निघतं. निघत नाही ती एकच गोष्ट, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पल्ला. कारण नवरा दर दिवाळीला खिडकी बंद ठेवून रंगवतो.

नवरा शाळेत मास्तर आहे. रंगाऱ्याचं काम त्याला पसंत पडत नाही. म्हणून सुट्टी लागली की स्वतःच हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन बसतो. जुना रंग खरवडणं नाही, घासणं नाही, थरावर थर. पल्ला आणि चौकट एकजीव होईपर्यंत फासतो आणि मग लांब उभा राहून मान वाकडी करून बघतो. माझा जीव जळतो तेव्हा!

मी कितीदा सांगितलं असेल. "अहो, उघडी ठेवून रंगवा, वाळेपर्यंत मधात एक काडी अडकवा. एवढं काय कठीन हाय?"

"धूळ येते ना," नवरा म्हणतो. धूळ! धूळ येते समोरून, अंगणाकडून, रस्त्यापलीकडं थ्रेशर लागलं की. ही खिडकी मागं परसात उघडते. तिथं शेवगा आहे आणि सावली आहे. पण बाईमाणसाचं ऐकायचं कोणी?

मला माझ्यासाठी नको होती ती परसातली हवा. माझ्या सासूबाईंना दमा आहे. वाशिमच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, "आजी, चुलीचा धूर लय खाल्ला का?" सासूबाई बोलायच्या आधीच नवरा म्हणाला, "वय झालं डॉक्टर, दुसरं काय." मी तिथंच बोलायला हवं होतं. डॉक्टरांसमोर कशाला, म्हणून गप्प बसले, त्याचा राग मला अजून येतो.

यंदा मी हात जोडून सांगितलं. नवरा "हो हो" म्हणाला. मी शेलूबाजारला बाजाराला गेले, जीप भरेपर्यंत बसले, परत येते तर काय! खिडकी बंद, वरून हिरवीगार. कडीसुद्धा रंगवलेली, या गृहस्थानं!

"मी काय भिंतीशी बोलली होती का?" मी पिशवी तशीच खाली टाकली.

"दिवाळीनंतर उघडून देतो न," तो म्हणाला. "कायले एवढी तापून राह्यली?"

दिवाळीनंतर म्हणे. अशा किती दिवाळ्या गेल्या, खिडकी होती तशीच.

तिसऱ्या दिवशी समोर थ्रेशर लागलं. अंगणात कुटाराचा, भुशाचा नुसता धुरळा. सासूबाई बाहेर बसायच्या त्या पदर तोंडाला लावून आत आल्या, माझ्याजवळ लसूण सोलत बसल्या. मी चिवड्याला मिरचीची फोडणी दिली आणि त्यांना ठसका लागला. ठसका थांबेचना. मी गॅस बंद केला, त्यांचा दम्याचा पंप आणून तोंडात दिला, पाठ चोळली. डोळे पांढरे व्हायला लागले होते. बाहेर न्यावं तर धुरळा, मागं दार नाही, आत ठेवावं तर मिरचीचा धूर.

मी कडी ओढली. हलेना. सुरीनं फटीतला रंग कापायला गेले तर सुरी वाकली. मग माझं डोकं फिरलं. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि हाणला. काच फुटली. आणखी दोन घाव घातले तशी चौकटीची पट्टी फाटली आणि पल्ला धाडकन परसात उघडला.

सासूबाईंना खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. हळूहळू धाप खाली बसली. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "गार हाय वं हवा."

संध्याकाळी नवरा आला. आईची तब्येत विचारायच्या आधी काच दिसली त्याला!

"दिवाळीच्या तोंडावर काच फोडली? हे काय डोकं झालं? मी हळू काढून देली असती न!"

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंनी माझा हात धरला. फाटलेल्या पट्टीवर हिरव्या रंगाखाली निळा रंग दिसत होता, चांगला जाड. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा निळा तुह्या बापाचा," त्या मुलाला म्हणाल्या. "तेबी मले हेच म्हणत, दिवाळीनंतर उघडून देतो. तवा इथं चूल होती. तू पाळण्यात होता तवापासून तुहं लगन होईपर्यंत मी वाट पाह्यली."



"वरवंटा तवाबी हाच होता," त्या म्हणाल्या. "मले तो उचलाचं सुचलंच नाई."

 नवरा खाली बसला आणि हातानं एकेक काच वेचायला लागला. केरसुणी माझ्या पायाशीच होती. मी दिली नाही.